बर्फ, वाफ आणि खोबरेल तेल: द्रव्याच्या अवस्था प्रयोगातून कशा शिकाव्यात

डिसेंबरातल्या सकाळी पुण्यात खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. त्याच दिवशी दुपारी रत्नागिरीत तेच तेल पाण्यासारखं ओतता येतं. मग खोबरेल तेल स्थायू की द्रव? ‘पुढील पदार्थांचे स्थायू, द्रव व वायू असे वर्गीकरण करा’ या प्रश्नात ते सहसा दिसत नाही, कारण त्याचं उत्तर तापमान सांगितल्याशिवाय देता येत नाही. ते साधारण २४ अंश सेल्सिअसला गोठतं. पुण्याची थंडीतली पहाट त्याखाली जाते, कोकणची दुपार त्याच्या वर राहते.

खरं तर प्रत्येक पदार्थाचं असंच असतं. ‘पाणी द्रव आहे’ हे वाक्य अर्धं आहे. ‘नेहमीच्या हवेच्या दाबाला, २५ अंशांना पाणी द्रव आहे’ हे पूर्ण वाक्य. अवस्था ठरते ती तापमान आणि दाब या दोघांनी. खालचे सगळे प्रयोग या दोन गोष्टींभोवतीच फिरतात. बहुतेक घरी होतील, एक प्रयोगशाळेत करावा. जिथे ज्योत किंवा उकळतं पाणी आहे, तिथे मोठं माणूस शेजारी हवंच.

आधी सिरिंज

औषधाच्या दुकानातून १० मिलीची, सुई नसलेली सिरिंज आणा. दट्ट्या १० च्या रेघेपर्यंत ओढा, तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. हवा ५ मिलीपर्यंत दबते. सोडला की दट्ट्या उसळून मागे येतो. निम्म्या जागेत कोंबलेल्या हवेचा दाब दुप्पट होतो, आणि तोच अंगठ्याला जाणवतो.

आता सिरिंजमध्ये पाणी भरा. तोंड वर करून बोटाने टिचक्या मारा, बुडबुडे वर जमले की दट्ट्या हलकेच सरकवून बाहेर काढा. तोंड बंद करून पुन्हा दाबा. दट्ट्या जागचा हलणार नाही. हलला, तर बहुधा एखादा बुडबुडा आत राहिलाय किंवा अंगठ्याखालून पाणी गळतंय. केसभर हलला तर दट्ट्याचं रबर दबलंय. पाणी दाबलं गेलं असं वहीत लिहिण्याआधी ही तिन्ही कारणं तपासा.

तिसऱ्या वेळी बारीक मीठ भरा. ते थोडं दबल्यासारखं वाटेल, आणि इथे बरीच मुलं फसतात. दबली ती दाण्यांमधली हवा, मीठ नाही. स्पंज दबतो तोही त्याच्या छिद्रांतल्या हवेमुळे. वाळू भांड्याचा आकार घेते म्हणून ती द्रव ठरत नाही, हेही इथेच समजून घ्या. ताटात ओतली तर तिचा ढीग होतो आणि प्रत्येक कणाचा आकार तसाच राहतो. द्रवाचा ढीग होत नाही.

हवा दबते आणि पाणी दबत नाही, असं का? १ ग्रॅम पाणी १ मिली जागा घेतं. त्याचीच १०० अंशांची वाफ नेहमीच्या दाबाला सुमारे १७०० मिली जागा घेते. रेणू तेवढेच आणि त्याच आकाराचे, वाढलं ते त्यांच्यामधलं अंतर. उत्तरपत्रिकांत ‘उष्णतेमुळे रेणू प्रसरण पावतात’ असं लिहिलेलं असतं, ते चूक आहे. रेणू फुगत नाहीत, एकमेकांपासून लांब जातात. वायूत रेणूंमध्ये मोकळी जागा भरपूर असते, म्हणून तो दबतो. द्रवात आणि स्थायूत ते जवळजवळ चिकटून असतात. फरक एवढाच की स्थायूतले रेणू आपापल्या जागी थरथरतात, तर द्रवातले जागा बदलत एकमेकांवरून घरंगळतात. म्हणून स्थायूला स्वतःचा आकार असतो. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, पण ठरावीक आकारमान असतं. वायूला दोन्ही नसतं.

सिरिंज अजून ठेवून देऊ नका. साधारण ७० अंशांचं पाणी घ्या, म्हणजे बोट बुडवून ठेवता येणार नाही इतपत गरम. त्यातलं २–३ मिली सिरिंजमध्ये ओढा, हवा काढा, तोंड बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे खेचा. तोंडाशी जाड कापडाची घडी किंवा रबराचा तुकडा धरा, बोट भाजायला नको. आतलं पाणी बुडबुडे काढत उकळू लागतं! खाली ज्योत नाही आणि तापमान वाढलेलं नाही. फक्त दाब कमी झालाय. पाणी ३०–४० अंशांचं असेल तर एवढ्या ओढीने नीट उकळणार नाही, दिसतील ते बहुतेक विरघळलेल्या हवेचे बुडबुडे.

बर्फ ते वाफ: मुख्य प्रयोग

हा प्रयोग पुस्तकात अर्ध्या पानात संपतो. तो नीट करायला चाळीसेक मिनिटं लागतात, आणि द्रव्याच्या अवस्थांबद्दल शिकण्यासारखं निम्मं तरी त्यात येतं.

साहित्य: २५० मिलीचं चंचुपात्र, १०० ग्रॅम बर्फ, −१० ते ११० अंश मोजणारी प्रयोगशाळेतली तापमापी, तिवई, तारेची जाळी, बर्नर किंवा स्पिरिटचा दिवा, स्टँड आणि पकड, काचेची कांडी, घड्याळ, आणि मातीच्या कुंडीचे स्वच्छ धुतलेले वाटाण्याएवढे दोन-तीन तुकडे. ताप बघायची तापमापी वापरू नका. ती ३५ ते ४२ अंशांपुरतीच असते, गरम पाण्यात घातली तर फुटते. तिच्यात पारा असेल तर तो जमिनीवर सांडणं धोक्याचं आहे.

१. फ्रीझरमधला बर्फ शून्य अंशाचा नसतो, −१५ ते −१८ अंशांपर्यंत थंड असतो. तो दहा मिनिटं बाहेर ठेवा. पृष्ठभाग ओला दिसू लागला की फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक करा आणि मग १०० ग्रॅम मोजून घ्या. मोठे खडे ठेवलेत तर तापमापीचा फुगा खड्यांमधल्या हवेत राहतो आणि वाचन काहीही येतं.

२. बर्फ चंचुपात्रात घ्या, दोन चमचे गार पाणी घाला, कुंडीचे तुकडे आत्ताच टाका. तापमापीचा फुगा ओल्या बर्फात पूर्ण बुडवून तीन मिनिटं थांबा. वाचन ० यायला हवं. १ आलं तर तुमची तापमापी १ अंश जास्त दाखवते. पुढच्या प्रत्येक वाचनातून १ वजा करा आणि तसं वहीत लिहा.

३. तापमापी स्टँडला अशी अडकवा की फुगा तळापासून दीडेक सेंटिमीटर वर राहील. तो तळाला टेकला तर पाण्याऐवजी काचेचं तापमान मिळतं.

४. जाळीवर चंचुपात्र ठेवून मंद ज्योत लावा. ज्योत एकदा ठरवली की शेवटपर्यंत तीच ठेवा. दर मिनिटाला वाचन घ्या, डोळा पट्टीच्या समोर सरळ रेषेत ठेवून. मधल्या वेळात कांडीने हळूहळू ढवळा. तापमापीने ढवळायचं नाही.

५. बर्फाचा शेवटचा कण कधी वितळला ती वेळ लिहा. सगळं पाणी झाल्यावर ढवळणं अधूनमधून पुरे.

६. उकळी फुटली की आणखी सहा वाचनं घ्या आणि ज्योत बंद करा. पाणी पूर्ण आटवू नका, कोरडं तापलेलं चंचुपात्र तडकतं.

मग आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तापमान घेऊन आलेख काढा. सुरुवातीला शून्याजवळ सपाट रेघ, मग चढ, मग वर पुन्हा सपाट रेघ, असा तो दिसतो.

शून्याची रेघ सपाट न येता दोन-तीन अंश चढत गेली असेल, तर ढवळणं कमी पडलं किंवा ज्योत मोठी झाली. तळाचं पाणी तापलं आणि बर्फ वर तरंगत राहिला. ४०–५० अंशांना काचेच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे दिसतात, त्यांना उकळणं समजू नका. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे, माशांना श्वासाला लागते तीच. उकळीच्या थोडं आधी भांडं सूं-सूं आवाज करतं. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या जरा थंड पाण्यात शिरताच मिटतात, त्याचा तो आवाज. बुडबुडे मिटायचे थांबून पृष्ठभागापर्यंत पोहोचू लागले की खरी उकळी. कुंडीचे तुकडे बुडबुड्यांना जागा देतात. ते नसतील तर गुळगुळीत काचेत पाणी उत्कलनांकाच्या (उकळण्याच्या तापमानाच्या) वर तापून एकदम उसळी मारू शकतं. म्हणूनच ते आधी टाकायचे. तापलेल्या पाण्यात आयत्या वेळी टाकले तर तीच उसळी अंगावर येते.

९८ आलं तर ९८ लिहा

पुण्यात किंवा नाशकात हा प्रयोग केला तर वरची सपाट रेघ १०० वर येत नाही, ९८ च्या आसपास येते. आणि असंख्य वह्यांमध्ये ९८ खोडून १०० केलेलं असतं, कारण पुस्तकात १०० आहे. ही चूक मुलांची कमी आणि त्यांच्या वह्या तपासणाऱ्यांची जास्त. १०० अंश हा समुद्रसपाटीच्या दाबाचा उत्कलनांक आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. ढोबळ हिशेब असा: दर ३०० मीटर चढाईला उत्कलनांक सुमारे १ अंशाने उतरतो. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, तिथे ९५–९६. लेह सुमारे ३५०० मीटरवर, तिथे ८८–८९, म्हणून तिकडे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मुंबईत मात्र १००. प्रेशर कुकरमध्ये गोष्ट उलटी होते. आतला दाब हवेच्या दाबाच्या जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. सिरिंज आणि कुकर म्हणजे एकाच नियमाची दोन टोकं.

तापमापीचा शून्य तुम्ही आधीच तपासला आहे. म्हणजे ९८ हे वाचन बरोबर आहे, त्यावर विश्वास ठेवा.

सपाट रेघेत उष्णता जाते कुठे?

ज्योत चालू आहे, तरी तापमान वाढत नाही. ही उष्णता रेणूंचा वेग वाढवण्यात जात नाही, त्यांची एकमेकांवरची पकड सोडवण्यात जाते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, आणि १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ व्हायला ५४०. तुमच्या १०० ग्रॅमचा हिशेब करू:

बर्फ वितळायला: १०० × ८० = ८,००० कॅलरी
० ते १०० अंश तापायला: १०० × १ × १०० = १०,००० कॅलरी
पूर्ण वाफ व्हायला: १०० × ५४० = ५४,००० कॅलरी

ज्योत सारखी असेल, तर बर्फ वितळायला ६ मिनिटं लागली की तापायला साडेसात आणि सगळं आटायला तब्बल साडेचाळीस मिनिटं लागायला हवीत. प्रत्यक्षात तापायला साडेसातपेक्षा जास्त वेळ लागेल. वर घातलेलं दोन चमचे पाणी आणि काचही तापवावी लागते, शिवाय गरम भांडं खोलीला उष्णता देत राहतं. हिशेब आणि प्रयोग यांत किती फरक आला ते वहीत लिहा, कारणासकट.

हीच आकडेमोड सांगते की वाफेने भाजणं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का. १०० अंशांचं १ ग्रॅम पाणी त्वचेवर ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देतं. १ ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० देते, मग वर ६३, म्हणजे एकूण ६०३. जवळजवळ साडेनऊ पट.

उकळत्या किटलीच्या तोटीकडे बाजूने, लांबून नीट बघा. तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्यापुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रव. ढग आणि धुकंही तसंच. ‘धुकं वायू आहे’ हे उत्तर म्हणून चूक.

दोन वाट्या: पाणी गोठताना फुगतं, तेल आकसतं

सारख्या दोन स्टीलच्या वाट्या घ्या. एकीत पाणी आणि दुसरीत पातळ खोबरेल तेल, दोन्ही काठाच्या बोटभर खाली. पाण्याची वाटी फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. तेलाची फ्रीजच्या साध्या कप्प्यात दोन तास पुरे. काढल्यावर प्रकाशात तिरकं धरून बघा. बर्फाचा पृष्ठभाग मधोमध उंचावलेला असतो, तेलाचा मधोमध खळगा पडलेला असतो. तेल कडेने आधी गोठतं, मधलं शेवटी गोठताना आकसतं आणि खळगा राहतो. बहुतेक पदार्थ गोठताना असेच आकसतात. पाणी अपवाद आहे. बर्फात रेणूंची मांडणी पोकळ जाळीसारखी होते, म्हणून १०० मिली पाण्याचा सुमारे १०९ मिली बर्फ होतो. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते ती यामुळेच.

आता बर्फाचा तुकडा पाण्यात टाका. तो तरंगतो, आकारमानाचा साधारण बारावा हिस्सा वर ठेवून. गोठलेल्या तेलाचा तुकडा पातळ तेलात टाका. तो बुडतो. तेल फार गरम असेल तर तुकडा बुडण्याआधीच वितळेल, तेव्हा नुकतंच पातळ झालेलं तेल घ्या.

या तेलाचाही तापमान-वेळ आलेख काढून बघण्यासारखा आहे. वाटी कोमट पाण्यात ठेवून दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या. २४ अंशांच्या आसपास चढ मंदावेल, पण बर्फासारखी सपाट रेघ मिळणार नाही. खोबरेल तेल हे अनेक मेदांचं मिश्रण आहे आणि प्रत्येकाचा द्रवणांक (वितळण्याचं तापमान) वेगळा. तूपही तसंच, म्हणून थंडीत ते अर्धं रवाळ आणि अर्धं पातळ राहतं. एका ठरावीक तापमानाला वितळणं हे शुद्ध पदार्थाचं लक्षण आहे.

कापूर: ज्योत नको

संप्लवन, म्हणजे स्थायूची थेट वाफ होणं, दाखवायला अनेक ठिकाणी कापूर थेट बर्नरवर तापवतात. तसं करू नका, त्याची वाफ पेट घेते. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा आणि पातेलं ज्योतीपासून लांब ठेवा. स्टीलच्या वाटीत कापराच्या दोन वड्या चुरून ती त्या पाण्यावर तरंगत ठेवा. वाटीवर काचेची बशी झाका, बशीत बर्फाचे खडे ठेवा. खिडकी उघडी असू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी बशी उचलून खालची बाजू बघा: पांढरे, चमकदार स्फटिक चिकटलेले असतील. वाटी ओली झाली तर पाण्याची वाफ आत शिरली आहे, मग वाटी कोरडी करून पुन्हा सुरुवात करा.

एक दुरुस्ती इथेच. ‘संप्लवन होणारे पदार्थ द्रव होतच नाहीत’ असं सर्रास शिकवतात. कापूर साधारण १७५ अंशांना वितळतो. डांबरगोळीतलं नॅफ्थॅलीन ८० अंशांना, आयोडीन ११४ अंशांना. द्रवणांकाच्या खूप खालीही त्यांची वाफ होत राहते, एवढाच संप्लवनाचा अर्थ. हाच प्रयोग डांबरगोळीने केला तर ती वितळलेली दिसेल, कारण पाणी ८० च्या वर असतं.

चौथी आणि पाचवी अवस्था

शालेय पातळीवर यांचं एवढं पुरेसं आहे. वायूला इतकी ऊर्जा मिळाली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तेव्हा प्लाझ्मा बनतो. सूर्य, आकाशात चमकणारी वीज आणि पेटलेल्या ट्यूबलाइटचं अंतरंग ही त्याची उदाहरणं. उलट टोकाला, निरपेक्ष शून्याच्या म्हणजे −२७३.१५ अंशांच्या अगदी जवळ बोस-आइनस्टाइन संघनित अवस्था आहे. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधल्या कामावरून आइनस्टाइन यांनी तिचं भाकीत केलं. वायूत ती प्रत्यक्ष मिळायला १९९५ उजाडलं.

दाबाने द्रव होणारा वायू

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी (द्रवरूप पेट्रोलियम वायू) असतो, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन −४२ अंशांना आणि ब्युटेन −०.५ अंशांना उकळतो, म्हणजे उघड्यावर आपल्याकडे दोन्ही वायूच. केवळ दाबाने ते सिलिंडरमध्ये द्रव राहतात. रिक्षातल्या सीएनजीचं (दाबलेल्या नैसर्गिक वायूचं, म्हणजे मुख्यतः मिथेनचं) तसं नाही. मिथेन −८२ अंशांच्या वर असेल तर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून तो हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाखाली वायूच्याच रूपात भरतात आणि त्याला जाडजूड टाकी लागते. या दोन नावांमधला ‘द्रवरूप’ आणि ‘दाबलेला’ हा फरक परीक्षेत हमखास विचारण्यासारखा आहे.

सिलिंडरवर कसलाही प्रयोग करायचा नाही, एक निरीक्षण मात्र निर्धोक आहे. शेगडी अर्धा तास चालली की ती बंद करा आणि सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याचा एक पट्टा ओढा. दोन-तीन मिनिटांत वरचा भाग वाळतो, खालचा ओला राहतो, आणि मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट सीमा दिसते. आतला द्रव वायू होताना लागणारा अप्रकट उष्मा स्वतःतून आणि भोवतालच्या पत्र्यातून घेतो, त्यामुळे द्रव असलेला भाग गार राहतो आणि तिथलं पाणी सावकाश सुकतं. ती सीमा म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. गॅस किती उरलाय ते त्यावरून कळतं.